माशापर्यंतचं पाणी

खंबायतला जायचं म्हणून मी आठ दिवसांची रजा मागितली, तेव्हा आमच्या ऑफिसात सगळे हसले. लातूरच्या बांधकाम खात्यात मी आरेखक, म्हणजे नकाशे काढणारा. जिल्हा नुकताच झालेला, त्यामुळे कचेऱ्या, विश्रामगृह, गोदामं, रोज नव्या इमारतीचा कागद टेबलावर. जिल्हा झाला, नळ मात्र तालुक्याचाच राहिला, असं आम्ही म्हणायचो. आठवड्यातून एकदा पाणी, तेही त्याच्या मर्जीला येईल तेव्हा. अशा मे महिन्यात बायकोला घागरींच्या रांगेत उभं करून हा माणूस गुजरातेतलं जुनं बंदर बघायला निघाला, म्हणजे याला ऊन लागलं असणार, असा सर्वांचा अंदाज.

मी हौसेनं निघालोच नव्हतो. माझं टाकं का गळतं, ते शोधायला निघालो होतो.

टाक्याची गोष्ट आधी सांगायला हवी. आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, लहानपण निलंग्याकडच्या एका खेड्यात गेलं. आम्ही बौद्ध, पण आबांचं लहानपण धर्म बदलण्याच्या आधीचं. विहिरीपासून लांब रिकामी घागर ठेवून बसायचं आणि वरच्या आळीतल्या कुणाला दया आली की तो ओतेल तेवढं घेऊन घरी यायचं. कधीकधी अर्धा दिवस जायचा. पुढं मी नोकरीला लागलो, लातुरात दोन खोल्या बांधायला काढल्या, तेव्हा आबांनी एकच गोष्ट मागितली. "घरात आपलं पानी पायजे. कुनाच्या तोंडाकडं बगायचं न्हाई."

औशाचे हमीद मिस्त्री चुन्याच्या कामात पिढीजात. त्यांनी अंगणाखाली टाकं बांधलं. छपरावरचं पाणी नळीनं आत यायचं. पहिल्या पावसाळ्यात ते काठोकाठ भरलं आणि वर्षभर पुरलं. सकाळी गल्लीतल्या बायका कळश्या घेऊन यायच्या आणि आबा स्वतः पोहरा ओढून एकेकीला पाणी द्यायचे. कुणी पैशाची गोष्ट काढली तर रागवायचे. दुसऱ्या वर्षी पाऊस निम्माच झाला. फाल्गुनात पाणी तळाला गेलं, तेव्हा आबा शिडी लावून आत उतरले आणि वाटीनं खरवडून शेवटची कळशी भरून दिली. मला तेव्हा त्यांचा फार अभिमान वाटला होता.

चैत्राच्या शेवटी ओळखीनं एक टँकर मिळाला, तो मी टाक्यात रिता केला. दुसऱ्या दिवशी पाणी हातभर खाली. आठ दिवसांत तळ दिसला आणि आम्ही त्यातून धड चार घागरीसुद्धा काढल्या नव्हत्या. औसा नाक्यावरच्या हॉटेलात, चार लोकांत, मी मिस्त्रींना विचारलं, "पाणी कुठं गेलं, मिस्त्री? उडून?"

"माझा चुना खोटा न्हाई, साहेब," ते एवढंच म्हणाले. "खोटा निगाला तर थापी खाली ठिवीन."

त्या दिवसापासून त्यांना कुणी काम देईना. आमचे ओव्हरसियर म्हणाले, मृगाच्या आत मुरूम टाकून बुजवून टाका, नाहीतर ओल भिंतीत शिरेल आणि घर बसेल. मृग महिन्यावर आलेला. आबा दुपारभर टाक्याच्या झाकणावर बसून राहायला लागले. जेवायला हाक मारली तरी उठायचे नाहीत.

मिस्त्रींचे उस्ताद तरुणपणी खंबायतला कामाला होते. तिथल्या घरांखालची टाकी दोनशे वर्षं थेंबानं गळत नाहीत, असं ते सांगायचे. मी चिडूनच म्हणालो, "चला तर मग, बघून येऊ." लातूरच्या बाजारातल्या एका गुजराती डाळवाल्यानं खंबायतच्या कांताबेन नावाच्या बाईंसाठी आमच्याजवळ चिठ्ठी दिली. त्या पापडाचा धंदा करतात आणि उडदाची डाळ आमच्या लातुरातून मागवतात. चिठ्ठीत लिहिलं होतं: सरकारी साहेब येत आहेत, टाकं दाखवावं. साहेबाचं नाव लिहायचं राहिलं होतं.

खंबायत, पहिला दिवस

लातूरच्या छोट्या गाडीनं कुर्डुवाडी, मग मुंबई, मग आणंद आणि तिथून खंबायत. या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की शालननं, माझ्या बायकोनं, बांधून दिलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मुंबईपर्यंत पुरली आणि प्रत्येक स्टेशनावर मला वाटत होतं, आपण घरी असायला हवं होतं.

खानावळीत पहिलंच जेवण. वरणाचा घास घेतला आणि मी थांबलो. वरणात साखर. लातूरच्या माणसानं डाळीबद्दल बोलू नये असं नाही. तेवढं एकच आम्हाला कळतं. मिस्त्री मात्र मिटक्या मारत होते. "मीठं हाय, पर झ्याक हाय," म्हणाले आणि माझी वाटीही संपवली. नंतर सुतरफेणी खाल्ली. ती कापसासारखी जिभेवर विरली आणि तेवढ्यापुरतं टाकं डोक्यातून गेलं.

गाव बघताना माझ्यातला आरेखक जागा झाला. लाकडी कोरीव काम असं, की दाराच्या चौकटीवर हात फिरवावा आणि पुढं जाऊ नये. अरुंद बोळ, त्यांना इथं पोळ म्हणतात, दोन्ही बाजूंना तीन-तीन मजल्यांची घरं, पुढं आलेले सज्जे. ऊन जमिनीपर्यंत पोचतच नाही. आम्ही लातुरात चार बाजूंनी ऊन खाणारी कचेरी बांधतो आणि वर पंखा लावतो. या लोकांनी पंखा लागूच नये अशी गल्ली बांधली. मी टेप काढून बोळाची रुंदी मोजायला लागलो, तशी वरून एका बाईनं काहीतरी विचारलं. आम्ही रस्ता रुंद करायला आलेले सरकारी लोक आहोत, असा तिचा समज झाला होता. मी टेप खिशात घातला.

जामा मशिदीत मिस्त्रींनी नमाज पढली आणि मी खांब बघत बसलो. एकाच्या नक्षीसारखी दुसऱ्याची नाही. जुन्या देवळांचे, जुन्या वाड्यांचे खांब आणून बसवलेले, हे उघडच दिसत होतं. मिस्त्री आले ते खांबांकडे बघतच नव्हते. ते छताच्या पन्हाळीकडे बघत होते. बोट वर करून म्हणाले, "ते बगा. पानी कुटून येतंय, कुटं जातंय, सगळं बांदणाऱ्यानं आदीच ठरवलंय." मग स्वतःशीच, "मी बी ठरवलं होतं."

मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. दोष चुन्याचा निघाला तर हा माणूस साठाव्या वर्षी काय करणार, हा विचार मी लातूरपासून टाळत आलो होतो.

बंदर

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र बघायला गेलो. माझा जन्मातला पहिला समुद्र. एकेकाळी इथून अरबस्तानापर्यंत गलबतं जायची, अकीक दगडाचे मणी जायचे, कापड जायचं. आम्ही धक्क्यावर उभे राहिलो आणि समोर समुद्र नव्हता. करडा चिखल, नजर पोचेल तिथवर. समुद्र कुठं आहे, असं विचारलं तर एका माणसानं दूर, आभाळाच्या कडेला हात दाखवला. गाळ साठत गेला, पाणी मागं सरलं, बंदर बंद पडलं, व्यापारी मुंबईला गेले. दुष्काळी गावचा माणूस एवढ्या लांब येतो आणि इथूनही पाणी निघून गेलेलं. मला हसू आलं.

थोडं पुढं जाऊन बघावं म्हणून मी चिखलावर उतरलो. वरचा थर भेगाळलेला, मांजरेच्या पात्रात असतो तसा, म्हणून मला भरवसा वाटला. मराठवाड्याच्या माणसाला भेगा दिसल्या की जमीन टणक वाटते. वीस-पंचवीस पावलांवर उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. काढायला गेलो तर डावा गेला. धक्क्यावरून लोक ओरडायला लागले. मिस्त्री मागून आडवे झाले आणि त्यांनी आपला गमछा फेकला. मी बाहेर आलो, पण दोन्ही चपला आतच राहिल्या.

"भरती येतीये!" एकजण हिंदीत ओरडला. "घोड्यासारखी येते!"

आम्ही धक्क्यावर चढलो आणि पाच-सात मिनिटांत ती खरंच आली. आधी आवाज, मग एक पांढरी रेघ, मग जिथं मी रुतलो होतो तिथं फेसाळ, गढूळ पाणी. शालनला आणि आबांना कुणी काय कळवलं असतं, हेच डोक्यात फिरत राहिलं. मिस्त्री गमछा पिळत म्हणाले, "पान्यासाठी आलो अन् पान्यातच जानार होतो, साहेब." मी अनवाणी, मांडीपर्यंत चिखलात. आणि अकरा वाजता कांताबेनकडे जायचं आम्ही ठरवलं होतं.

कांताबेनचं घर

कांताबेनच्या बोळाच्या तोंडाशी मिस्त्री थांबले. घसा खाकरला. "एक बोलू का? तितं नाव सांगताना लातूरकर म्हना. जैन लोक हायत. पान्याचा मामला हाय."

मला संताप आला. त्यांचा नव्हे, कारण आदल्या रात्री धर्मशाळेत पडल्या पडल्या मीही नेमकं हेच ठरवलं होतं. ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर किती वाईट वाटतं ते कळलं. मी पुढं चालायला लागलो.

कांताबेन पन्नाशीच्या, उंच, पांढऱ्या साडीतल्या. पन्नास वर्षांच्या बाईच्या मानानं आवाज फार मोठा. चौकात चार बायका पापड लाटत होत्या. नवऱ्याचं दुकान मुंबईला भुलेश्वरात होतं, वीस वर्षं तिथं काढलेली, त्यामुळे मराठी छान बोलत होत्या. चिठ्ठी वाचून म्हणाल्या, "साहेबांचं नाव नाही लिहिलं?"

"लातूरकर साहेब," मिस्त्री घाईनं म्हणाले.

मी अनवाणी उंबऱ्याबाहेर उभा. मला टाक्याच्या झाकणावर बसलेले आबा दिसले. कुणाच्या तोंडाकडं बघायचं नाही म्हणून टाकं बांधायचं आणि ते बघायला येऊन नाव चोरायचं, हे काही मला जमेना. "प्रल्हाद कांबळे," मी म्हणालो. मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठ्यानं.

मुंबईत वीस वर्षं राहिलेल्या बाईला आडनावावरून काय कळायचं ते कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पायांकडे. पापड लाटणाऱ्या बायकांचे हात थांबलेले.

"आंघोळ करून या," त्या म्हणाल्या. "दोघंही. मग टाकं उघडते."

मागच्या अंगाला विहीर होती, खाऱ्या पाण्याची. मी अंगावर पाणी घेत होतो आणि कान तापले होते. हे चिखलामुळे म्हणाल्या की नावामुळे? मिस्त्रींनाही सांगितलं; पण ते मुसलमान. हिशोब काही जुळेना. आम्ही ओल्या केसांनी चौकात आलो, तेवढ्यात कांताबेनचा दीर दुकानातून घामाघूम आला आणि झाकणाकडे वळला. कांताबेन तिथूनच कडाडल्या, "न्हाला नाहीस. लांब हो." तो गृहस्थ मुकाट्यानं मागं सरकला. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि ते उतरलं याचीच लाज वाटली. माझं आडनाव लातूरकर असतं तर आंघोळ सांगितली असती का, हे मला आजही ठरवता येत नाही.

पितळी झाकण उघडलं. आत अंधार आणि गारवा. सुनेनं आरसा आणला, चौकातल्या उन्हाचा कवडसा पकडला आणि आत सोडला. मी आयुष्यात एवढं स्वच्छ पाणी बघितलं नव्हतं. मे महिन्यात, पाऊस दोन वर्षं ओढ देत असताना, घराखाली ते शांत पडून होतं. भिंती हस्तिदंतासारख्या पिवळसर, गुळगुळीत. एक भेग नाही. मिस्त्री पोटावर पालथे झाले आणि खांद्यापर्यंत डोकं आत घातलं.

"ते काय हाय?" आतून घुमणारा आवाज आला. "खाली, भित्तीवर? मासा?"

कवडसा खाली सरकला. तळापासून हातभर वर, पाण्यात, भिंतीतल्या दगडावर एक मासा कोरलेला होता. साधाच, पोरांनी पाटीवर काढावा तसा.

"चुना कोणता, गूळ किती, मेथी घातली का, हे मला विचारू नका, मला नाही माहीत," कांताबेन म्हणाल्या. "मला माशाचं माहीत. लोटा माशाला लागला की झाकण बंद. कुलूप. पाऊस येईपर्यंत, कुणासाठी नाही. टाकं एकदा सुकलं की मेलं. चुना तडकतो, बाहेरची माती भिंतीला ढकलते. आमच्या पोळमध्ये अशी तीन मेली."

मिस्त्रींनी डोकं बाहेर काढलं. ते जिंकल्यासारखे हसतील असं मला वाटलं होतं. ते उठून बसले, तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "साहेब, आपलं सुकलं होतं."

शिडीवरून वाटी घेऊन उतरणारे आबा माझ्या डोळ्यांपुढं आले. वर थांबलेली ती बाई, तिची कळशी, आणि तिच्याकडे वर बघून हसणारे आबा. टाकं त्या दिवशी मेलं होतं. मारणारा चुना नव्हता.

कांताबेननं पाणी दिलं. आम्हा दोघांना, आणि स्वतःही घेतलं. मी मूर्खासारखा माझा प्याला कुठं ठेवतात, कशानं घासतात तेच बघत होतो. तिन्ही प्याले एकत्र राखेनं घासले गेले. पाणी गोड होतं. लातूरचा उडीद यंदा कसा आहे, म्हणून त्यांनी विचारलं. हलका आहे, मी सांगितलं.

मी वही काढली. खोली, तोंडाचा घेर, तळाचा उतार, माशाची उंची, सगळं उतरवून घेतलं. लिहीत असताना त्या बोलत होत्या. लग्न होऊन त्या नव्या आल्या त्या साली पाऊस आलाच नव्हता. पाणी माशाला लागलं त्या दिवशी सासूची सख्खी बहीण शेजारच्या पोळमधून कळशी घेऊन आली. सासूनं तिच्या देखत कुलूप घातलं. "मग दार लावून रडली. पण किल्ली नाही दिली. म्हणून हे टाकं आहे."

मी तेही वहीत लिहिलं: मासा, एक हात.

परत

गाडीत मी मिस्त्रींना म्हणालो, "चार लोकांत बोललो होतो तुम्हाला."

"मग चार लोकांतच माघारी घ्या," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. औसा नाक्यावरच्या त्याच हॉटेलात, त्याच वेळेला, मी उभा राहून सांगितलं की मिस्त्रींचा चुना सच्चा आहे, चूक आमच्या घरची आहे. मिस्त्रींनी सगळ्यांना चहा सांगितला. त्या आठवड्यात त्यांना दोन कामं आली.

आबांना सांगणं त्याहून अवघड होतं. परतीच्या सगळ्या वाटेवर मी वाक्यं जुळवत आलो होतो. आबा झाकणावरच बसले होते. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं, बंदरापासून माशापर्यंत. रुतलो तेवढं सोडून. वाटीचं मी बोललो नाही. त्याची गरज पडली नाही.

"म्हंजी म्याच मारलं," आबा म्हणाले.

"तसं नाही, आबा."

"तसंच हाय." ते अंगणातल्या रिकाम्या घागरीकडे बघायला लागले. मग म्हणाले, "ती बहीन. कळशी घिऊन आल्याली. तिला मंग कुटं पानी घावलं का?"

माझ्या वहीत तोंडाचा घेर होता, तळाचा उतार होता. "नाही विचारलं," मी म्हणालो.

"इतक्या लांब गेलास," आबा म्हणाले, "अन् हेच इचारलं न्हाईस?"

मिस्त्रींनी मृगाच्या आत आतला सगळा चुना खरवडून नवा चढवला. तळापासून हातभर वर मासा बसवायचा तेव्हा त्यांनी आबांना हाक मारली. आबा शिडीवरून उतरले, दगडावर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "बसव." वर आल्यावर त्यांनी कंबरेच्या करगोट्यातून टाक्याची किल्ली सोडली आणि माझ्या हातात दिली.

"ही माज्याकडं नगं. दारात कळशी आली तर माज्यानं न्हाई म्हनवायचं न्हाई. तू म्हन."

त्याला आता वर्ष होत आलं. टाकं थेंबानं गळत नाही. यंदाही पाऊस निम्माच झाला आणि गल्लीतल्या बायका सकाळी येतात तशाच येतात. मी कुलूप काढतो, आबा पोहरा ओढून देतात आणि माझ्याकडे बघत नाहीत. कांताबेनना मी कार्ड टाकलं होतं, त्या बहिणीचं विचारायला. उत्तर आलं त्यात पापडांची आणि डाळीची चौकशी होती, बाकी काही नव्हतं. काल मी दोरी सोडून बघितलं. पाणी माशाच्या वर चार बोटं आहे. दाराची कडी वाजली की मी आधी खिशातली किल्ली चाचपतो.